माया करावी, पण पोट ओळखून

लग्नघरातली दुसऱ्या दिवसाची सकाळ डोळ्यांसमोर आणा. पाहुणे निघून गेले आहेत, मांडव उतरवला जात आहे आणि मागच्या अंगणात दोन मोठी पातेली भरून भात उरला आहे. जोडीला बुंदी आहे, पुऱ्या आहेत. घरातले कोणी तरी म्हणते, "अन्न वाया जाऊ देऊ नका, गाईला घाला." मग घमेले भरभरून भात गोठ्यातल्या किंवा गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गाईपुढे रिता होतो. गाय आवडीने खाते. घालणाऱ्याला समाधान वाटते. अन्न वाया गेले नाही, मुक्या जनावराचे पोट भरले आणि पदरी थोडे पुण्यही पडले!

संध्याकाळी तीच गाय मान खाली घालून एका जागी उभी दिसते. ती रवंथ करीत नाही, दात करकरा खाते. तिची डावी कूस फुगलेली असते. रात्रीतून तिला हगवण लागते, डोळे खोल जातात आणि दुसऱ्या दिवशी ती जी बसते ती पुष्कळदा पुन्हा उठत नाही. लोक म्हणतात, "दृष्ट लागली" किंवा "कोणी तरी विष घातले". पण तिने विषारी असे काहीच खाल्लेले नसते. तुम्ही-आम्ही पंगतीत बसून खाल्ला तोच स्वच्छ, ताजा भात तिने खाल्लेला असतो.

मग असे का व्हावे? जे अन्न आपल्याला बळ देते तेच गाईचा जीव कसे घेते? या प्रश्नाचे उत्तर शरीरक्रियाविज्ञानात आहे. ते समजून घेतले म्हणजे आणखीही एक गोष्ट कळते. प्राण्यावर माया करायची तर मनात नुसता चांगला हेतू असून भागत नाही. त्याचे पोट कसे चालते हेही माहीत असावे लागते. हा लेख ते पटवून देण्यासाठी लिहीत आहे.

गाय स्वतःसाठी खात नाही!

गाईच्या जठराचे चार कप्पे असतात, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले असेल: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरेपोट. परीक्षेत आपण ही चार नावे लिहितो, आकृती काढतो आणि गुण मिळवतो. पण या आकृतीचा अर्थ काय, याचा विचार फारसा करीत नाही.

यांपैकी कोठीपोट हा सर्वांत मोठा कप्पा. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो. पाण्याच्या अर्ध्या पिंपाएवढे हे पोट आहे, असे म्हणा ना! पण ते आपल्या जठरासारखे पाचक रस स्रवत नाही. गवत आणि कडबा यांचा मुख्य घटक सेल्युलोज. तो पचवणारे विकर गाईचे शरीर तयार करू शकत नाही. तुम्ही कडबा खाल्ला तर तो तुम्हाला जितका पचेल, साधारण तितकाच तो एकट्या गाईलाही पचला असता.

तो पचवतात ते कोठीपोटात राहणारे सूक्ष्मजीव. तेथे ऑक्सिजन जवळजवळ नसतो, तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअस असते आणि अन्नाचा पुरवठा सतत चालू असतो. सूक्ष्मजीवांना आणखी काय हवे? कोठीपोटातील एका मिलिलिटर द्रवात सुमारे एक हजार कोटी जीवाणू सापडतात. त्यांच्या जोडीला लाखांच्या घरात आदिजीव असतात. हे आदिजीव ग्रुबी आणि डेलाफोंड या दोन शास्त्रज्ञांनी १८४३ मध्ये पॅरिसमध्ये प्रथम पाहिले. पुढे अमेरिकेतील रॉबर्ट हंगेट यांनी ऑक्सिजनविरहित स्थितीत हे जीवाणू वाढवण्याची पद्धत बसवली आणि या अदृश्य गावातील रहिवाशांची नीट ओळख झाली.

हे सूक्ष्मजीव सेल्युलोजचे किण्वन करतात, म्हणजे आपल्या भाषेत ते आंबवतात. त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. ती कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात शिरतात आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के ऊर्जा तिला त्यांच्यापासून मिळते. सूक्ष्मजीव स्वतःही अखेर पुढच्या कप्प्यांत वाहत जातात, तेथे पचतात आणि गाईला प्रथिने पुरवतात. थोडक्यात, गाय प्रत्यक्ष स्वतःला भरवीत नाही. ती आपल्या पोटातील जीवांना भरवते आणि ते तिला भरवतात. तेव्हा गाईपुढे घास टाकताना तो त्या अब्जावधी जीवांना मानवेल का, असे आधी विचारायला हवे.

आता एक अडचण पाहा. आम्ले सतत तयार होत असतील तर पोट आंबट का होत नाही? एक तर ती रक्तात शोषली जातात. दुसरे कारण म्हणजे लाळ. मोठी गाय दिवसाला शंभर लिटरांहून अधिक लाळ गिळते, आणि त्या लाळेत बायकार्बोनेट भरपूर असते. आंबट ताकात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून पाहा. ते फसफसते आणि त्याचा आंबटपणा कमी होतो. गाईची लाळ कोठीपोटात हेच काम अहोरात्र करीत असते. गाय रोज सात-आठ तास रवंथ करीत बसते ती काही आळसाने नव्हे. चघळण्याने लाळ सुटते आणि लाळेने पोटाचा सामू ६ ते ७ च्या दरम्यान राहतो. लांब, चरबरीत वैरण खाल्ली की चघळणे जास्त, लाळ जास्त आणि पोट शांत.

भाताचे घमेले पोटात गेल्यावर

या शांत चाललेल्या व्यवहारात एकदम पाच-दहा किलो शिजलेला भात जाऊन पडला तर काय होईल?

भातात स्टार्च असतो. शिजवल्याने तो फुगून मऊ होतो आणि आंबायला अगदी तयार असतो. तो चघळावा लागत नाही, म्हणून लाळही फारशी सुटत नाही. सेल्युलोज खाणारे जीवाणू सावकाश काम करणारे. पण स्टार्च आणि साखर खाणारे काही जीवाणू विलक्षण चपळ असतात. भरपूर स्टार्च मिळाला की त्यांची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. एकाचे दोन, दोनाचे चार या हिशेबाने काही तासांत किती होतील, ते वहीवर मांडून पाहा.

हे जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. दह्याला आंबट करणारे आम्ल ते हेच. कोठीपोटातल्या नेहमीच्या आम्लांपेक्षा हे सुमारे दहापट तीव्र असते. ते साठू लागले की सामू झपाट्याने उतरतो. सामू ६ च्या खाली गेला की सेल्युलोज पचवणारे जीवाणू काम थांबवतात. ५.५ च्या खाली आदिजीव मरू लागतात. लॅक्टिक आम्ल खाऊन संपवणारे काही जीवाणू तेथे असतात खरे. पण वाढलेली आम्लता त्यांनाही सोसत नाही. राखणदारच गेले म्हटल्यावर आंबटपणा आणखी वाढतो. सामू ५ च्याही खाली घसरतो आणि शंभर लिटरांचे ते पोट नासलेल्या दह्याच्या पिंपासारखे होते.

पुढचे सारे याच एका गोष्टीतून घडते. कोठीपोटातील द्रव दाट झाला की आजूबाजूच्या रक्तातील पाणी परासरणाने पोटात ओढले जाते. परासरणाचा प्रयोग तुम्ही बटाटा आणि मीठ घेऊन केला असेलच. येथे बटाट्याच्या जागी गाय आहे! पोटात पाणी डचमळते आणि शरीर मात्र कोरडे पडते. म्हणून तिचे डोळे खोल जातात. आम्ल रक्तात शिरून रक्ताची आम्लता वाढवते. कोठीपोटाच्या भिंतीला दाह होतो आणि तिचे आकुंचन-प्रसरण थांबते, म्हणजे रवंथ आणि ढेकर दोन्ही बंद. जी जनावरे यातून वाचतात त्यांच्यापैकी काहींच्या खुरांना पुढे दाह होतो आणि ती लंगडू लागतात. पोटातले दुखणे खुरापर्यंत पोचते!

ज्वारी, मका, गहू यांच्या राशीत तोंड घालणाऱ्या गुरांचेही असेच होते. खळ्यावर सुटलेली गाय रात्रभर धान्य खाऊन सकाळी मेली, अशी हकिगत खेड्यातल्या मुलांनी मोठ्या माणसांच्या तोंडून नक्की ऐकली असेल.

"आमची आजी तर रोज गोग्रास देते!"

येथे तुमच्यापैकी कोणी तरी हात वर करील आणि विचारील, "आमची आजी रोज सकाळी गाईला पोळी देते. चाळीस वर्षे देत आली. तिची गाय कधी आजारी पडली नाही. मग तुमचे म्हणणे खोटे का?"

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर असे, की आजी बरोबर आहे आणि शास्त्रही बरोबर आहे. आजी एक पोळी देते. शंभर लिटरांच्या पोटात एका पोळीचा स्टार्च कोठल्या कोठे जिरून जातो. शिवाय ती रोज देते, म्हणून पोटातील जीवाणूंना त्याची सवय झालेली असते. दुभत्या गाईला आपण सरकी, पेंड, भरडा देतोच. तोही पचतो, कारण तो बेताने दिलेला असतो आणि सोबत भरपूर वैरण असते. खुराक वाढवायचा असेल तर तो दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावा, असे जाणकार सांगतात. एवढ्या अवधीत पोटातील जीवाणूंची वस्ती नव्या अन्नाला अनुरूप बदलते.

तेव्हा घात करतात दोन गोष्टी: प्रमाण आणि अचानकपणा. लग्नाच्या भातात या दोन्ही एकत्र येतात.

पोळ्याच्या सणाचे पाहा. वर्षभर राबणाऱ्या बैलाचा हा दिवस. त्याला न्हाऊमाखू घालतात, शिंगे रंगवतात, झूल चढवतात आणि पुरणपोळीचा नैवेद्य खाऊ घालतात. यातली कृतज्ञता फार मोलाची आहे. ती कोणीही सोडू नये. पण एका घरी दोन पोळ्या, दुसऱ्या घरी चार, पाटलांच्या वाड्यावर आणखी चार, असे करीत मिरवणुकीत बैलाच्या पोटात किती मैदा आणि गूळ गेला, याचा हिशेब कोणीच ठेवीत नाही. दुसऱ्या दिवशी पशुवैद्याला बोलावणे जाते. माझे मत असे, की पोळ्याला बैलाच्या तोंडी पुरणपोळीचा घास लागला म्हणजे सण साजरा झाला. त्यानंतर त्याच्यापुढे हिरव्या वैरणीची पेंढी ठेवावी. बैलाच्या दृष्टीने पक्वान्न कोणते, हे बैलाच्या पोटाला विचारायचे.

"मग रस्त्यावरच्या उपाशी गाईने काय करावे? भात तर भात, काही तरी मिळाले," असेही काही जण म्हणतात. भूक खरी आहे, पण उपाशी जनावराला तर धोका अधिक असतो. उपाशी गाय अधाशासारखी खाते आणि तिच्या पोटातील जीवांची वस्ती आधीच दुबळी झालेली असते. त्यातून कित्येकदा आपण उरलेले अन्न प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचऱ्यात टाकतो. गाठ सोडण्याचे कौशल्य गाईपाशी नाही. ती पिशवीसकट गिळते. पिशवी पचत नाही आणि जाळीपोटाच्या पुढेही जात नाही. वर्षानुवर्षे अशा पिशव्या साचत जातात. शहरातल्या गाईंच्या पोटातून शस्त्रक्रिया करून कित्येक किलो प्लॅस्टिक बाहेर काढावे लागते, ते यामुळेच.

त्यातून वैशाखातले ऊन

आपल्याकडची लग्नसराई बहुतांशी ऐन उन्हाळ्यात असते. आता आहाराला परिसराची जोड कशी मिळते ते पाहा.

कोठीपोटात किण्वन चालते तेव्हा उष्णताही निर्माण होते. थंडीच्या दिवसांत ही भट्टी गाईच्या उपयोगी पडते. उन्हाळ्यात मात्र बाहेरचे ऊन आणि आतली भट्टी अशी दोन्ही बाजूंनी तिची होरपळ होते. म्हणून गाय उन्हाळ्यात आपोआपच कमी खाते. त्यातही वैरण अधिक टाळते, कारण चोथ्याच्या पचनात उष्णता जास्त निघते. हे तिचे नखरे नव्हेत. शरीराने केलेली ती तडजोड आहे. दूध कमी होते तेही याच कारणाने.

शरीर थंड ठेवण्यासाठी ती धापा टाकते, तोंडातून लाळ गाळते. आता आधी सांगितलेले आठवा. लाळ म्हणजे कोठीपोटाचा खाण्याचा सोडा. ती जमिनीवर गळून गेली की पोटाला तेवढी कमी मिळते. धापा टाकल्याने कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्ताचा तोल सांभाळण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतात. म्हणजे लाळेत घालायला ते आणखी कमी उरते. वैरण कमी खाल्ल्याने रवंथही कमी. अशा रीतीने उन्हाळ्यात गाईचे पोट आम्लतेच्या काठावर येऊन उभे असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण भाताचे घमेले घेऊन तिच्याकडे जातो!

सगळी जनावरे उन्हाला सारखी तोंड देत नाहीत. आपल्या देशी गाई-बैलांची कातडी सैल असते, घर्मग्रंथी चांगल्या असतात आणि अंगात उष्णताही कमी तयार होते. थंड देशातून आलेल्या होल्स्टीन जातीच्या गाईला, आणि तिच्या संकरित वंशालाही, ऊन अधिक बाधते. म्हशीचा रंग काळा, अंगावर केस विरळ आणि घर्मग्रंथी गाईच्या मानाने फारच थोड्या. म्हणून ती डबक्यात जाऊन बसते. चिखलाने माखलेल्या म्हशीला आपण हसतो, पण तो चिखल वाळताना तिच्या अंगातली उष्णता घेऊन जातो. ज्या गावात डबकी बुजली, तिथल्या म्हशीवर दुपारी दोन बादल्या पाणी ओतणे ही तिच्यावर खरी माया.

सुबाभळीची गोष्ट

परिसराचा परिणाम म्हणजे केवळ ऊन आणि थंडी नव्हे. एखाद्या प्रदेशात कोणते सूक्ष्मजीव राहतात, यावरही तिथल्या जनावरांचे शरीर अवलंबून असते. याचे एक नामी उदाहरण आपल्या बांधावरच उभे आहे.

सुबाभूळ हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे. उरुळीकांचन येथील मणिभाई देसाई यांच्या 'बायफ' या संस्थेने चाऱ्यासाठी आणि जळणासाठी त्याचा मोठा प्रसार केला. पाला प्रथिनांनी भरलेला आणि झाड झपाट्याने वाढणारे. पण पाल्यात मिमोसिन नावाचा एक पदार्थ असतो. कोठीपोटातील जीवाणू त्याचे रूपांतर ज्या पदार्थात करतात तो गळ्यातील अवटू ग्रंथीच्या कामात अडथळा आणतो. नुसताच हा पाला खाणाऱ्या जनावरांचे केस गळतात, वजन घटते, गलगंड होतो. घोड्याला कोठीपोट नाही. त्याला मिमोसिनची बाधा अधिक होते आणि त्याची आयाळ व शेपटीचे केस झडतात.

ऑस्ट्रेलियातील गुरांना हा त्रास होत होता. हवाई बेटांवरच्या शेळ्या मात्र हाच पाला मनसोक्त खाऊन ठणठणीत होत्या. झाड तेच, पाला तोच. मग फरक कशात? रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने तर्क केला की फरक शेळीत नसून तिच्या पोटातील जीवाणूंत असावा. १९८० नंतरच्या काही वर्षांत हवाईतील शेळ्यांच्या कोठीपोटातला द्रव ऑस्ट्रेलियातील जनावरांच्या पोटात घालण्यात आला, आणि त्यांना सुबाभूळ पचू लागली! तो विष मोडणारा जीवाणू पुढे वेगळा काढण्यात आला आणि १९९२ मध्ये त्याला जोन्स यांच्या सन्मानार्थ 'सिनर्जिस्टिस जोन्सिआय' असे नाव मिळाले.

या गोष्टीतून एक धडा घेण्यासारखा आहे. "त्यांच्या जनावरांना चालते, मग आमच्या का नाही?" असे म्हणून चालत नाही. म्हणूनच आपल्याकडे सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक देऊ नये, असा सल्ला देतात.

घाटातले माकड आणि आकाशातले गिधाड

आता तुम्ही म्हणाल, गाय-शेळीचे पोटच निराळे. माकड तर आपल्यासारखे आहे. त्याला घाटात वेफर आणि केळी दिली तर काय बिघडले?

केनियातील अँबोसेली येथे बबून माकडांचे अनेक वर्षे निरीक्षण चालू आहे. तिथल्या एका टोळीला प्रवासी निवासाच्या उकिरड्यावरचे अन्न मिळू लागले. रानात चरणाऱ्या माद्यांच्या शरीरात मेद सुमारे २ टक्के, तर उकिरड्यावरच्या माद्यांच्या शरीरात तो २० टक्क्यांहूनही अधिक आढळला. त्यांच्या रक्तात इन्सुलिन आणि कोलेस्टेरॉल वाढलेले होते. खाण्यासाठी फिरावे लागत नसल्याने त्यांचे चालणेही कमी झाले होते. म्हणजे आयते अन्न आणि बैठे जीवन यांचा जो परिणाम माणसावर होतो, तोच माकडावरही झाला. आपल्या घाटातली माकडे कठड्यावर बसून दिवसभर मोटारींची वाट पाहतात. त्यांच्या शरीरात काय चालले असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि गिधाडांची कहाणी तर याहून दुःखद. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध गुरांना चालत होते. पण औषध दिलेले जनावर मेले आणि ते गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत, युरिक आम्लाची पांढरी पुटे आतल्या अवयवांवर चढत आणि काही दिवसांत पक्षी मरत. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पण १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडे आपल्या देशात इतकी घटली, की हजारांतले जेमतेम एक उरले. गाईला गुणकारी ते गिधाडाला मारक! ते औषध देणाऱ्या कोणाच्याही मनात गिधाडांना मारायचे नव्हते. त्यांना माहीत नव्हते, एवढेच.

मग आपण काय करावे?

विद्यार्थी मित्रहो, दया वाईट, असे मी म्हणत नाही. मुक्या प्राण्याला घास देण्याची आपली रीत फार सुंदर आहे. पण दयेला ज्ञानाची जोड हवी. पुढच्या कार्यात तुमच्या घरी अन्न उरले, तर चांगले अन्न वेळेवर माणसांना द्या. न खपणारे अन्न गोबरगॅसच्या टाकीत किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात जाऊ द्या. सूक्ष्मजीवांना ते तेथे हवेच आहे. गाईला द्यायचे असेल तर वैरणीची पेंढी विकत घेऊन द्या. एखादे जनावर जास्त धान्य किंवा भात खाऊन बसले असेल तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका, ताबडतोब पशुवैद्याला बोलवा. पहिले काही तास फार मोलाचे असतात. आणि माकडापुढे हात रिकामाच ठेवा.

शिक्षकांनाही एक विनंती. गाईच्या जठराची आकृती फळ्यावर काढाल तेव्हा चार नावे सांगून थांबू नका. "या पोटात भाताचे घमेले पडले तर?" असा प्रश्न वर्गाला विचारा. परासरण, आम्ल आणि आम्लारी, किण्वन, जीवाणूंची वाढ, श्वसन, उत्सर्जन हे वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेले विषय त्या एका प्रश्नात एकत्र येतील. मग मुलांना गावात पाठवा. कोण आपल्या जनावराला काय घालते, केव्हा घालते, उन्हाळ्यात दूध किती कमी होते, याची त्यांना नोंद करू द्या. जवळच्या पशुवैद्यांना शाळेत बोलवा. प्रयोगशाळेला पैसे नाहीत, ही तक्रार इथे चालणार नाही; प्रयोगशाळा गोठ्यात बांधलेली आहे!

आणि विद्यार्थ्यांनो, एक अवघड काम तुमच्याकडे आहे. पुढच्या लग्नात कोणी घमेले उचलील तेव्हा मोठ्या माणसांना थांबवण्याचे धैर्य तुम्हाला करावे लागेल. उद्धटपणे नव्हे; कारण समजावून सांगून. "काका, थोडे थांबा. तिच्या पोटात आपल्यासारखे पचत नाही," एवढे म्हणालात तरी पुरे. काका कदाचित हसतील, कदाचित विचारतील, "तुला रे काय ठाऊक?" तेव्हा त्यांना लाळेची गोष्ट सांगा, ताक-सोड्याचा प्रयोग करून दाखवा. तेवढ्याने एक गाय वाचली, तरी ते चार कप्पे शिकल्याचे सार्थक झाले, असे मी समजेन.